कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर आणि डॅपर: पहिल्या सर्व्हिसपासून क्लस्टरपर्यंत

लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा उमराण्याच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर आला की नोंदींची एक साखळीच सुरू होते. गेटवर आवक, लिलावात भाव, भुईकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, परत काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन, मग हिशोबपट्टी आणि शेतकऱ्याचे पैसे. नाशिकची एखादी छोटी टीम हे काम संगणकावर घ्यायला बसली की आवक, लिलाव, काटा, हिशोब आणि निरोप अशा पाच सर्व्हिस (एकमेकांशी बोलणारे छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम) जवळपास आपोआप समोर येतात. एकेक सर्व्हिस लिहिणं फारसं अवघड नाही. डोकं खातं ते मधलं काम: मेसेज पोचला का, दोनदा पोचला का, समोरची सर्व्हिस बंद असेल तर किती थांबायचं, पासवर्ड कुठे ठेवायचे, आणि एखादी पट्टी अडकलीच तर ती नेमकी कुठे अडकली हे कसं शोधायचं.

हे मधलं काम डॅपर (Dapr) अंगावर घेतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये हा ओपन सोर्स प्रकल्प जाहीर केला, फेब्रुवारी २०२१ मध्ये १.० आवृत्ती आली, आणि २०२४ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये त्याला 'ग्रॅज्युएटेड' दर्जा मिळाला. तुमच्या प्रत्येक सर्व्हिसच्या शेजारी डॅपरची एक वेगळी प्रोसेस चालते, तिला साइडकार म्हणतात. तुमचा कोड लोकलहोस्टवर (त्याच मशीनवर) फक्त या साइडकारशी बोलतो, एचटीटीपीने पोर्ट ३५०० वर किंवा जीआरपीसीने ५०००१ वर. रेडिस (डेटा साठवतो, मेसेजही पोचवतो), रॅबिट-एमक्यू आणि काफ्का (मेसेज पोचवणारे ब्रोकर), पोस्टग्रेस (डेटाबेस) यांच्याशी बोलणं साइडकार बघतो. कोणत्या ठिकाणी काय जोडायचं हे कॉम्पोनंट नावाच्या याम्ल (साध्या मजकुरातल्या सेटिंगच्या) फाइलींमध्ये लिहिलेलं असतं.

आधी एक स्पष्ट सांगायला हवं. सगळं एकाच ॲप्लिकेशनमध्ये आणि एकाच पोस्टग्रेसवर मावत असेल, तर डॅपर लावू नका. एका बाजार समितीचं, दोन-तीन काट्यांचं काम साध्या एकसंध ॲप्लिकेशनमध्ये उत्तम चालतं. सर्व्हिस वेगवेगळ्या भाषांत असतील, वेगवेगळ्या टीमकडे असतील, किंवा लिलावाच्या वेळात फक्त काटा आणि हिशोब यांचीच क्षमता वाढवायची असेल, तेव्हा याचा पैसा वसूल होतो.

मशीनवर उभारणी

डॉकर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालू असलेलं मशीन घ्या, डॅपरची सीएलआय (टर्मिनलमधून आज्ञा द्यायचं साधन) टाका आणि 'डॅपर इनिट' चालवा. चार कंटेनर उभे राहतात: रेडिस (पोर्ट ६३७९), मेसेजचा प्रवास दाखवणारा झिपकिन (पोर्ट ९४११), आणि डॅपरच्याच प्लेसमेंट आणि शेड्युलर या सर्व्हिस. होम डिरेक्टरीतल्या डॅपरच्या फोल्डरमध्ये 'स्टेटस्टोअर' आणि 'पबसब' अशा दोन तयार कॉम्पोनंट फाइली मिळतात, दोन्ही रेडिसकडे बोट दाखवणाऱ्या.

इथे पहिली अडचण हमखास येते. मशीनवर आधीपासून रेडिस चालू असेल तर ६३७९ पोर्ट अडलेला असतो आणि उभारणी अर्धवट राहते. एक तर जुना रेडिस बंद करा, नाहीतर 'स्लिम' पर्याय देऊन फक्त बायनरी घ्या आणि कॉम्पोनंट फाइली स्वतः लिहा. तयार फाइलींवर विसंबून राहू नका. प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतच 'कॉम्पोनंट्स' फोल्डर करा आणि चालवताना त्याचा मार्ग द्या, म्हणजे दोन जणांच्या लॅपटॉपवर दोन तऱ्हा होत नाहीत.

सर्व्हिस चालवायची ती 'डॅपर रन' मार्फत. ॲप-आयडी, ॲप-पोर्ट, साइडकारचा एचटीटीपी पोर्ट आणि कॉम्पोनंटचा मार्ग एवढं द्यायचं, शेवटी आपली नेहमीची चालवायची आज्ञा. एका मशीनवर पाच साइडकार चालवताना प्रत्येकाला वेगळा पोर्ट लागतो: ३५०१, ३५०२ असे. पाच टर्मिनल उघडत बसण्यापेक्षा सगळ्या सर्व्हिस एका मल्टि-ॲप फाइलमध्ये लिहा आणि एकाच आज्ञेने उठवा.

ॲप-पोर्ट द्यायला विसरलात तर फसगत होते, कारण सर्व्हिस चालू दिसते, स्टेट (साठवलेल्या नोंदी) लिहिता-वाचता येतो, मेसेज पाठवताही येतो, पण एकही मेसेज आत येत नाही. तुमची सर्व्हिस कोणत्या दारावर ऐकते हे साइडकारला माहीतच नसतं.

सुरुवातीच्या क्षणी आणखी एक गाठ बसते. सर्व्हिस उठल्या उठल्या साइडकारकडून सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) मागते, म्हणून आधी साइडकारच्या 'हेल्थझेड' पत्त्यावर तो तयार होण्याची वाट बघते आणि तोवर स्वतःचा पोर्ट उघडत नाही. साइडकार मात्र त्याच पोर्टची वाट बघत असतो. दोघंही एकमेकांसाठी अडून राहतात. यासाठी 'हेल्थझेड' खालचा 'आउटबाउंड' हा वेगळा पत्ता आहे. कॉम्पोनंट तयार झाले की तो होकार देतो, तुमच्या पोर्टसाठी थांबत नाही. सर्व्हिसने नेहमी तोच तपासावा.

पहिला मेसेज: काट्याकडून हिशोबाकडे

डॅपरमध्ये बरेच बिल्डिंग ब्लॉक (तयार सोयी) आहेत, पण पहिल्या महिन्यात दोनच वापरा: पब-सब (एकाने मेसेज टाकायचा, ज्याला हवा त्याने घ्यायचा) आणि स्टेट. ॲक्टर, वर्कफ्लो, डिस्ट्रिब्युटेड लॉक यांचा मोह टाळा.

काटा सर्व्हिस वजन झालं की 'वजन' या टॉपिकवर (मेसेजच्या विषयावर) मेसेज टाकते: आवक क्रमांक, काटा क्रमांक, भरलेली की रिकामी, किलो. साइडकारच्या 'पब्लिश' पत्त्यावर पबसब कॉम्पोनंटचं नाव आणि टॉपिकचं नाव जोडून पोस्ट केलं की झालं. कंटेंट-टाइप जेसन आहे हे हेडरमध्ये न चुकता लिहा. ते राहिलं तर साइडकार आतला मजकूर साधी स्ट्रिंग समजून पाठवतो आणि पलीकडे सगळं अवतरणचिन्हांत गुंडाळलेलं मिळतं.

हिशोब सर्व्हिसकडे मेसेज येतो तो क्लाउडइव्हेंट्स या ठरलेल्या साच्याच्या वेष्टनात. तुमचा मजकूर 'डेटा' या फील्डमध्ये असतो, बाहेर आयडी, सोर्स, टाइप वगैरे. या मेसेजचा कंटेंट-टाइप साध्या जेसनपेक्षा वेगळा असल्यामुळे नोडच्या एक्सप्रेसमध्ये बॉडी रिकामी दिसते. जेसन पार्सरला तो प्रकारही वाचायला सांगा.

आता उत्तराचं. हँडलरने (मेसेज हाताळणाऱ्या तुमच्या कोडने) एचटीटीपीचं २०० हे उत्तर दिलं की काम झालं. सोबत स्टेटस फील्डमध्ये 'रिट्राय' किंवा 'ड्रॉप' असं सांगताही येतं. ५०० दिलं तर मेसेज पुन्हा दिला जातो. ४०४ दिलं तर मात्र डॅपर लॉगमध्ये एक ओळ लिहून मेसेज टाकून देतं. राउटचं (मेसेज ज्या पत्त्यावर येतो त्याचं) स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी फ्रेमवर्क ४०४ च देतं, आणि सकाळच्या सत्रातली वजनं गुपचूप गायब होतात. म्हणून पहिली चाचणी राउटची घ्या. त्याच कारणाने, डेटाबेसमध्ये आवक नोंद सापडली नाही म्हणून हँडलरमधून ४०४ परत करू नका. वेबच्या सवयीने हात तिकडेच जातो.

दुबार पट्टी आणि हरवलेलं वजन

डॅपरचं वचन 'किमान एकदा' असं आहे, म्हणजे दुबार मेसेज येणारच. भरलेला ट्रॅक्टर ५,१२० किलो, रिकामा २,२८०, निव्वळ २८.४० क्विंटल. भाव १,८५० रुपये क्विंटल, तर पट्टी ५२,५४० रुपयांची. हँडलरने पट्टी केली, पण उत्तर देण्याआधी पॉड (क्लस्टरवर चालणारी सर्व्हिसची एक प्रत) बंद पडला, तर तोच मेसेज पुन्हा येईल आणि त्याच कांद्याची दुसरी पट्टी तयार होईल.

ती थांबवण्यासाठी बरेच जण क्लाउडइव्हेंटचा आयडी साठवतात. तेवढ्याने भागत नाही. काटा सर्व्हिसनेच टाइमआउटमुळे दुसऱ्यांदा पब्लिश केलं असेल तर डॅपर त्या मेसेजला नवा आयडी देतं. ओळख धंद्यातलीच हवी: आवक क्रमांक आणि फेरीचा प्रकार. हिशोबपट्टीच्या टेबलवर आवक क्रमांकाला युनिक बंधन (एका क्रमांकाची एकच नोंद) घाला. दुसरी नोंद अडली की हँडलरने शांतपणे २०० द्यावं, चूक म्हणून ५०० नव्हे, नाहीतर तो मेसेज फिरतच राहील.

क्रमाचीही खात्री नसते. रिकाम्या गाडीचं वजन आधी आणि भरलेल्याचं नंतर येऊ शकतं, लिलावाचा भाव दोन्हींच्या मध्ये टपकू शकतो. म्हणून प्रत्येक आवक क्रमांकासाठी स्टेट स्टोअरमध्ये एक अर्धवट नोंद ठेवा: भाव, भरलेलं वजन, रिकामं वजन. तिन्ही रकाने भरले की पट्टी करायची.

इथेच सगळ्यात वाईट बग लपलेला असतो. हिशोबाच्या दोन प्रती चालू आहेत. एकीला भाव मिळाला, दुसरीला त्याच क्षणी रिकामं वजन. दोघींनी जुनी नोंद वाचली, आपापला रकाना भरला आणि परत लिहिली. डॅपरची मूळ वागणूक 'लास्ट-राइट' आहे, म्हणजे नंतर लिहिणारीचं राहतं आणि पहिलीने भरलेला रकाना पुसला जातो. कुठेही एरर नाही, पट्टी मात्र कायमची अडकलेली. उपाय सोपा आहे: वाचताना मिळालेला ई-टॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) लिहिताना परत द्या आणि पहिल्या लिखाणापासून कॉन्करन्सी (एकाच वेळी लिहिणाऱ्यांसाठीचा नियम) 'फर्स्ट-राइट' ठेवा. मधे कोणी बदल केला असेल तर लिखाण नाकारलं जातं. नाकारलं की नोंद पुन्हा वाचा, रकाना भरा, पुन्हा लिहा. असे तीन प्रयत्न करूनही जमलं नाही तर 'रिट्राय' परत द्या. लॅपटॉपवर एकाच प्रतीने चाचणी करणाऱ्याला हा बग सहसा दिसतच नाही, त्यामुळे चाचणीत हिशोबाच्या दोन प्रती चालवाच.

स्टेटबद्दल दोन गोष्टी हातासरशी. किल्लीच्या आधी डॅपर ॲप-आयडी आणि दोन उभ्या रेषा जोडतं. उद्या कोणी ॲप-आयडी 'हिशोब' चा 'हिशोब-सेवा' केला तर जुना सगळा डेटा जागेवर असूनही सापडणार नाही. नाव एकदाच ठरवा. दुसरं, स्टेट स्टोअर हे किल्ली-किंमत साठवण आहे. व्यापारीनिहाय थकबाकी, आठवड्याची आवक असले अहवाल त्यातून काढायचा खटाटोप करू नका. पक्क्या पट्ट्या पोस्टग्रेसच्या टेबलमध्ये थेट लिहा. सगळं काही साइडकारमधूनच गेलं पाहिजे असा नियम नाही.

ब्रोकर बदलताना

'याम्ल बदला, ब्रोकर बदला' हे डॅपरचं आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे. कोड बदलत नाही हे बरोबर, पण वागणूक बदलते, आणि नुकसान तिथेच होतं.

रेडिस स्ट्रीम्समध्ये 'प्रोसेसिंग टाइमआउट' मुळात १५ सेकंद आहे. हँडलर त्याहून जास्त वेळ घेत असेल तर पहिला प्रयत्न चालू असतानाच मेसेज पुन्हा वाटला जाऊ शकतो. स्ट्रीमची लांबी बांधली नाही तर रेडिसची मेमरी वाढत जाते ते वेगळंच. विकासासाठी रेडिस छान, पण पैशांच्या मेसेजसाठी या आकाराच्या कामाला रॅबिट-एमक्यू बरा.

रॅबिट-एमक्यूच्या कॉम्पोनंटमध्ये मात्र मूळ किमती डोळे उघडे ठेवून वाचा. 'ड्युरेबल' (ब्रोकर रीस्टार्ट झाला तरी रांग टिकणं) मुळात बंद आहे. 'डिलीटेड व्हेन अनयूज्ड' मुळात चालू, म्हणजे हिशोबाच्या सगळ्या प्रती एकदम खाली गेल्या की रांगच पुसली जाते, आतल्या मेसेजसकट. 'डिलिव्हरी मोड' मुळात ०, मेसेज डिस्कवर टिकायला २ हवा. 'रीक्यू इन फेल्युअर' (अपयशी मेसेज परत रांगेत टाकणं) सुद्धा बंद. पैकी पहिल्या तीन किमती पहिल्याच दिवशी बदला. त्यातल्या पहिल्या दोन नंतर बदलायला गेलात तर रॅबिट-एमक्यू आधीच्या रांगेशी जुळत नाही म्हणून जोडणी नाकारतो. मग रांग रिकामी करून, काढून टाकून, नव्याने बनवावी लागते, आणि तेही दुपारचं सत्र संपल्यावर.

पुन्हा-प्रयत्नांचं धोरण 'रेझिलिअन्सी' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. हिशोबासाठी सुरुवात अशी करता येईल: टाइमआउट १० सेकंद, दोन प्रयत्नांत ५ सेकंद, एकूण ५ पुनर्प्रयत्न. पबसब कॉम्पोनंटखाली 'इनबाउंड' आणि 'आउटबाउंड' असे दोन भाग असतात. आउटबाउंड म्हणजे साइडकारपासून ब्रोकरकडे, इनबाउंड म्हणजे साइडकारपासून तुमच्या हँडलरकडे. हँडलरसाठीचं धोरण आउटबाउंडखाली लिहिलं की काहीच घडत नाही, आणि ही चूक अगदी नेहमीची आहे.

सबस्क्रिप्शनमध्ये डेड-लेटर टॉपिक द्या, म्हणजे हरलेले मेसेज बाजूला जमा होतील. पण पुनर्प्रयत्नांचं धोरण नसताना डेड-लेटर दिला, तर पहिल्याच अपयशाला मेसेज तिकडे जातो. दोन्ही सोबतच हवेत. आणि डेड-लेटरकडे बघणारा माणूसही ठरलेला हवा. लिलाव सुरू होण्याआधी तिथे काही शिल्लक आहे का, हे रोज कोणीतरी बघायचंच.

बँकेला पैसे पाठवणाऱ्या किंवा एसएमएस सोडणाऱ्या हाकेवर डोळे मिटून पुनर्प्रयत्न लावू नका. समोरची यंत्रणा तुमचा संदर्भ क्रमांक ओळखून दुसरी विनंती नाकारत असेल तरच लावा. डॅपरचे प्रयत्न, तुमच्या लायब्ररीचे प्रयत्न आणि ब्रोकरचे प्रयत्न यांचा गुणाकार होतो हेही विसरू नका: तीनदा, तीनदा, तीनदा म्हणजे सत्तावीस.

एका सर्व्हिसने दुसरीला थेट हाक मारायची असेल तर 'इन्व्होक' पत्त्यात तिचा ॲप-आयडी दिला की पुरतं. लॅपटॉपवर ही शोधाशोध एमडीएनएसने (स्थानिक नेटवर्कवर नावाने शोधण्याच्या पद्धतीने) होते, त्यामुळे कंपनीचा व्हीपीएन किंवा फायरवॉल चालू असेल तर 'सर्व्हिस सापडत नाही' असं येतं. कोड तपासण्याआधी व्हीपीएन बंद करून बघा. भुईकाट्याच्या पावतीचा फोटो मेसेजमध्ये कोंबू नका. साइडकारची मूळ मर्यादा ४ एमबी आहे. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा, मेसेजमध्ये त्याची किल्ली पाठवा.

काट्यावरच्या संगणकाचं इंटरनेट गेलं तर क्लस्टरमधला साइडकार काहीही करू शकत नाही. काट्यावर स्थानिक एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) ठेवा, वजन आधी तिथे लिहा, लाइन आली की क्रमाने पाठवा. युनिक बंधन आधीच घातलेलं असल्यामुळे पुन्हा पाठवण्याची भीती उरत नाही.

क्लस्टरवर नेताना

कुबरनेटीसवर (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेवर) डॅपर हेल्मने (तिच्यावर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाने) बसवा आणि आवृत्ती पक्की लिहून ठेवा. उत्पादनासाठी हाय-अव्हेलेबिलिटी चालू करा, म्हणजे नियंत्रण सर्व्हिसच्या तीन-तीन प्रती राहतात. सर्व्हिससाठी तीन ॲनोटेशन (फाइलमधल्या खुणा) पुरेशी आहेत: डॅपर चालू, ॲप-आयडी, ॲप-पोर्ट. ती डिप्लॉयमेंटच्या वरच्या मेटाडेटामध्ये लिहून काही होत नाही, आतल्या पॉड टेम्प्लेटच्या मेटाडेटामध्ये लिहावी लागतात. पॉडच्या यादीत २/२ दिसलं तर साइडकार आला, १/१ म्हणजे आला नाही.

कॉम्पोनंट त्याच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या कप्प्यात) हवेत जिथे सर्व्हिस आहे. 'स्कोप्स' मध्ये कोणत्या ॲप-आयडीला तो वापरता येईल ते लिहा, निरोप सर्व्हिसला हिशोबाचा स्टोअर दिसायचं कारण नाही. पासवर्ड कॉम्पोनंटमध्ये उघडे न लिहिता सीक्रेट स्टोअरचा संदर्भ द्या. कॉम्पोनंट बदलल्यावर पॉड रीस्टार्ट करा, कारण साइडकार तो सुरू होताना वाचतो.

साइडकार फुकट नसतो. डॅपरच्या दस्तऐवजात सुरुवातीसाठी प्रत्येक साइडकारला ०.१ कोर आणि २५० एमबी मेमरीची मागणी सुचवली आहे. पाच सर्व्हिस, प्रत्येकी दोन प्रती, म्हणजे दहा साइडकार: एक पूर्ण कोर आणि सुमारे अडीच जीबी, तुमचा कोड चालायच्या आधीच. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या क्लाउड रीजनमध्ये छोटे नोड घेताना हा आकडा कोटेशनमध्ये धरा.

सर्व्हिसमधला संवाद डॅपर मूळातच एमटीएलएसने (दोन्ही बाजू प्रमाणपत्राने एकमेकांना ओळखतात अशा कूटबद्ध जोडणीने) बंदिस्त ठेवतं. साइडकारची प्रमाणपत्रं २४ तासांची असतात आणि आपोआप बदलतात. मूळ प्रमाणपत्र मात्र एक वर्षाचं असतं, ते तुम्हालाच बदलायचं असतं. ते संपलं की नव्याने उठलेले साइडकार एकमेकांना ओळखत नाहीत. 'डॅपर एमटीएलएस एक्स्पायरी' ही आज्ञा तारीख दाखवते. बसवल्याच्या दिवशीच ती टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि नूतनीकरण उन्हाळ कांद्याच्या गर्दीत येणार नाही असं बघा.

ट्रेसिंगसाठी (मेसेजचा माग काढण्यासाठी) विकासात सॅम्पलिंग १ ठेवा, म्हणजे प्रत्येक मेसेज झिपकिनमध्ये दिसतो. उत्पादनात एवढं लागत नाही, दहातला एक पुरतो. हिशोबाने पुढे निरोपला हाक मारताना आलेलं 'ट्रेसपेरंट' हेडर तुमच्या कोडनेच पुढे द्यायला हवं, नाहीतर एका ट्रॅक्टरचा प्रवास दोन तुकड्यांत दिसतो.

खऱ्या बाजारात उतरवण्याआधी मुद्दाम मोडतोड करा. शंभर आवक क्रमांकांचे मेसेज सोडा, मधेच हिशोबाचे दोन्ही पॉड मारा, एक मिनिट थांबून उठवा. मग ब्रोकर बंद करून बघा, आणि शेवटी तेच शंभर मेसेज पुन्हा सोडा. प्रत्येक वेळी पट्ट्यांच्या टेबलमध्ये बरोबर शंभर ओळी हव्यात. एकशे एक आल्या तर युनिक बंधन तपासा. नव्व्याण्णव आल्या तर आधी ई-टॅग, मग रांगेचा 'डिलीटेड व्हेन अनयूज्ड', मग लॉगमधला ४०४, याच क्रमाने शोधा.